न निजणारी वेल
नाशिकच्या शिराझविषयी : प्रस्तावना

चौदाव्या शतकात दौलताबादला येऊन गेलेल्या तांजियरच्या इब्न बतूतानं आपल्या प्रवासवर्णनात एक छोटी नोंद करून ठेवली आहे : इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि ती वर्षातून दोनदा येतात. तांजियरच्या माणसाला द्राक्षवेलीचं अप्रूप असायचं कारण नव्हतं. नोंदवावंसं वाटलं ते ‘दोनदा’. भूमध्य समुद्राकाठची वेल थंडी पडली की पानं गाळते, काही महिने निजून राहते आणि वसंतात एकदाच फुटते. दख्खनमधली वेल निजतच नाही. ऊन आणि पाणी मिळत राहिलं की ती बारा महिने वाढते. तिला थांबवायचं आणि पुन्हा चालवायचं काम माणसाला कात्रीनं करावं लागतं.

हे पुस्तक अशा न निजणाऱ्या वेलीवर पिकणाऱ्या एका जातीविषयी आणि तिच्यापासून होणाऱ्या लाल वाईनविषयी आहे. जात शिराझ; मुलूख नाशिक जिल्ह्याचा, त्यातही दिंडोरी, निफाड आणि गंगापूर धरणाच्या आसपासचा. वाईनविषयी मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं त्याची सुरुवात बहुधा पेल्यापासून होते : पेला कसा धरायचा, कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात आधी संकोच तयार होतो आणि कुतूहल मागे राहतं. वाईन हा शेतमाल आहे. नाशिकच्या शिराझची चव कळायची असेल तर आधी तिची छाटणी कळायला हवी, आणि ती कळण्यासाठी मराठी वाचकाला परदेशी शाळेत जावं लागत नाही. खरड छाटणी, गोडी छाटणी, पोंगा, फुलोरा, मण्यात पाणी उतरणं ही सगळी भाषा आपल्या बागायतदारांच्या तोंडी रोज असते. या पुस्तकाचा सगळा भर त्या भाषेवर आहे.

आधी जातीचं कूळ सांगतो. शिराझ हे इराणमधलं शहर, कवी हाफिजचं गाव. दख्खनचा आणि त्याचा संबंध थोडक्यात हुकला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. बहमनी सुलतानानं हाफिजला आपल्या दरबारी बोलावणं धाडलं, वाटखर्चही पाठवला; हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजात चढला, पण वादळ पाहून उतरला आणि स्वतः येण्याऐवजी त्यानं एक गझल पाठवून दिली. त्या शहराच्या वाईनचा लौकिक मोठा होता, म्हणून हे काळं द्राक्षही तिथूनच युरोपात गेलं असणार अशी समजूत पुष्कळ वर्षं छापली जात राहिली. एका दंतकथेत गास्पार द स्तेरिम्बेर्ग नावाचा सरदार धर्मयुद्धावरून परत येतो, ऱ्होन नदीकाठच्या टेकडीवर विरक्त होऊन राहतो आणि बरोबर आणलेली वेल तिथे लावतो. त्या टेकडीला आजही एर्मिताज, म्हणजे विरक्ताची मठी, म्हणतात. गेल्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधक कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधल्या मोंपेलिएचे संशोधक यांनी डीएनए तपासून या कथेचा निकाल लावला. शिराझचं आईबापांकडचं दोन्ही रक्त फ्रेंच निघालं : एक दुरेझा ही आर्देश भागातली काळी जात, दुसरी मोंदझ ब्लांश ही साव्वा भागातली पांढरी जात. या दोघींना आता त्यांच्या मुलखाबाहेर फारसं कोणी ओळखत नाही. त्यांच्या अपत्याला फ्रान्समध्ये सिरा म्हणतात.

सिराचं घर ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागात आहे. ल्यों शहराच्या दक्षिणेला नदी दोन्ही बाजूंच्या उभ्या चढांमधून वाहते. कोत-रोतीचे उतार इतके खडे आहेत की दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्यांवर वेली उभ्या आहेत आणि तिथलं बरंचसं काम हातानंच करावं लागतं. एर्मिताज ही तर सुमारे १३५ हेक्टरांची एक टेकडी. तिच्या पश्चिम अंगाला ग्रॅनाइट, बाकी ठिकाणी गोटे आणि चिकणमाती. खोऱ्यातून मिस्त्राल नावाचा उत्तरेकडचा वारा घोंघावत येतो आणि सिराच्या लांब, नाजूक फुटी मोडून टाकतो, म्हणून तिथे वेलीला खुंट्याला बांधून ठेवतात. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपली वाईन अंगानं हलकी भरली की तीत एर्मिताजची वाईन मिसळत, आणि अशा मिसळलेल्या वाईनला भावही चढा मिळे. सिराचा रंग आणि तिचा भारदस्तपणा तेव्हापासून सर्वमान्य होता.

मात्र आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा प्रवास पुढचा आहे. जेम्स बस्बी या स्कॉटिश माणसानं १८३१ साली स्पेन आणि फ्रान्समध्ये फिरून शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या आणि ऑस्ट्रेलियाला नेल्या. त्यांत हीही होती. तिथे ती शिराझ झाली आणि उष्ण, कोरड्या मुलखात अशी रुजली की बरोसा खोऱ्यात १८४० च्या दशकात लावलेल्या काही वेली आजही फळ देत आहेत. युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचली नाही, म्हणून हे शक्य झालं. १९५१ साली पेनफोल्ड्स कंपनीच्या मॅक्स शुबर्ट यांनी शिराझपासून दीर्घकाळ टिकणारी वाईन करायचा पहिला प्रयोग केला. तो वरिष्ठांना पटला नाही आणि १९५७ मध्ये त्यांना काम थांबवायचा हुकूम मिळाला. शुबर्ट पुढचे तीन हंगाम ती वाईन लपून करत राहिले. ‘ग्रेंज’ या नावानं ती आज ऑस्ट्रेलियाची सर्वांत नावाजलेली वाईन आहे. ही हकिगत इथे सांगायचं कारण असं की उष्ण प्रदेशातली लाल वाईन फ्रान्सची नक्कल न करता स्वतःच्या बळावर उभी राहू शकते, याचा सर्वांत भक्कम दाखला याच जातीनं दिला आहे. नाशिकच्या बहुतेक बाटल्यांवर सिरा न लिहिता शिराझ लिहितात, ते मला म्हणूनच योग्य वाटतं.

नाशिकला द्राक्ष जुनं आहे, वाईन नवी. ओझर परिसरात १९२५ च्या सुमारास द्राक्षबागा लागल्या. भोकरी, मग अनाब-ए-शाही, मग थॉमसन सीडलेस अशी खाण्याच्या द्राक्षांची पिढीमागून पिढी आली आणि बागायतदारांनी त्यात जे कौशल्य मिळवलं ते देशात दुसरीकडे क्वचितच दिसतं. वाईनचे पहिले मोठे प्रयत्न मात्र नाशिकबाहेर झाले. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फेसाळती वाईन केली, आणि बंगळुरूजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी फ्रेंच जातींच्या बागा लावल्या. कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझ यांचं मिश्रण असलेली त्यांची ‘ला रिझर्व्ह’ पुष्कळ वर्षं भारतीय लाल वाईनचा मानदंड मानली गेली. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणाजवळ बाग लावली ती पांढऱ्या वाईनच्या जातींची. त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. शिराझ नंतर आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क झाले, आणि पाहता पाहता वायनऱ्या वाढल्या. मग २००८-०९ ची मंदी आली. मागणी घटली, आणि अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा तोडून पुन्हा थॉमसन लावली. वाईनच्या जातीचा तोटा हाच की ती बाजारात हातगाडीवर विकता येत नाही. वायनरीनं घेतली नाही तर दुसरं गिऱ्हाईक नाही. त्या पडझडीनंतरही ज्यांनी शिराझ राखली, त्यांच्यामुळे आज जुन्या, खोल मुळांच्या वेली आपल्याला मिळाल्या आहेत. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आता वेलीचं वर्ष. माझ्या मते या पुस्तकाचं मर्म इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

फ्रान्समध्ये वेलीचं वर्ष थंडी ठरवते. नाशिकला ते दोन छाटण्या ठरवतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. काड्या अगदी आखूड कापतात आणि वेल रणरणत्या उन्हात नव्यानं फुटते. या फुटीवर फळ घ्यायचं नसतं. पण पुढच्या घडांची बीजं तिच्यातच असतात : छाटणीनंतरच्या साधारण दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण पुढच्या हंगामात वेलीवर किती घड असतील ते तेव्हाच ठरून जातं. त्या आठवड्यांत भरपूर ऊन लागतं आणि पाणी बेतानं द्यावं लागतं. नंतर पावसाळा. पानांचा पसारा वाढतो, केवडा आणि करपा या रोगांची भीती असते, आणि हिरवी काडी हळूहळू तपकिरी होऊन पिकते. पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पिकलेल्या काडीवर मोजके डोळे राखतात आणि त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. याला बागायतदार पेस्टिंग म्हणतात. हे का करावं लागतं? थंडीत महिनोन्‌महिने निजलेली वेल वसंतात एकदम, सारखी फुटते. आपली वेल निजलेलीच नसते, त्यामुळे तिचे डोळे मागेपुढे फुटतात आणि घड एका वेळी पिकत नाहीत. युरोपात जे काम हिवाळा करतो ते इथे त्या पेस्टकडून करून घ्यावं लागतं.

मग पोंगा, कोवळी फूट, फुलोरा, मणी धरणं, आणि ऐन थंडीत मण्यांत पाणी उतरणं. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदीवरून ती दिलेली असते. खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार ती वाचून धास्तावतो. थंडीनं मण्यांची फुगवण थांबते, म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटतात. रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन यांतली तफावत वाढली की थॉमसनच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते आणि निर्यातीचा माल नाकारला जातो. ते टाळायला घडांना कागद गुंडाळतात. तीच थंडी शिराझला मानवते. रात्री गार असल्या की मण्यातली आंबटाई टिकते आणि सालीत रंग भरतो. एकाच गावात, शेजारच्या दोन बागांत, एकाच रात्रीचा अर्थ असा उलटा होतो.

यापुढे मात्र नाशिकचा रस्ता ऱ्होनपासून फुटतो, आणि चवीतला फरकही इथूनच पडतो. ऱ्होनमधलं द्राक्ष सप्टेंबरात पिकतं. दिवस लहान होत असतात, हवा गार होत असते, त्यामुळे शेवटचे आठवडे सावकाश जातात. नाशिकचं शिराझ फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतं. महाशिवरात्र जवळ येते, दिवस वाढत जातो आणि दुपारचा पारा तिशीच्या वर चढतो. साखर भराभर वाढते, आंबटाई भराभर उतरते. शिराझच्या मण्याला पिकताना सुरकुतायची खोड आहे. उन्हात ती आणखी बळावते. तोडणी चार दिवस लांबली तर वाईन जड आणि सपाट होते, चार दिवस आधी केली तर सालीतलं टॅनिन कच्चं, तुरट राहतं. म्हणून त्या दिवसांत ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचं यंत्र सतत हाताशी असतं, आणि तोडणी रात्री किंवा पहाटे उरकतात. आंबटाई कमी पडलीच तर रसात टार्टारिक आम्ल घालतात. ते द्राक्षातलंच आम्ल आहे आणि जगभरच्या उष्ण प्रदेशांत सर्रास वापरतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

चांगल्या बागायतदारालाही वाईनच्या बागेत हाताच्या जुन्या सवयी सोडाव्या लागतात. खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा हवा, म्हणून जिबरेलिक ॲसिडमध्ये घड बुडवतात, विरळणी करतात, फुगवणीला पाणी देतात. शिराझचा मणी लहानच हवा. रंग, टॅनिन आणि बराचसा सुवास सालीत असतो. मणी जितका लहान, तितका रसाच्या मानानं सालीचा वाटा मोठा. म्हणून पाणी तोडायचं, घड मोजके ठेवायचे आणि वजनाचा मोह सोडायचा. आयुष्यभर टनांवर हिशेब केलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, आणि वायनरीनं भाव फक्त वजनावर दिला तर ते पटायचं कारणही उरत नाही. नाशिकची शिराझ आणखी सुधारायची असेल तर तिची सुरुवात खरेदीच्या करारापासून व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

वायनरीतल्या कामाचा तपशील पुढच्या प्रकरणांत आहे. इथे दोनच गोष्टी. शिराझचा मणी चिरला तर आतला रस जवळपास बिनरंगी असतो. लाल वाईन लाल होते ती साली रसात ठेवून आंबवल्यामुळे. आंबताना साली वर येऊन थर धरतात आणि तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा किंवा भिजवावा लागतो. दुसरं, लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं. खाण्याचं द्राक्ष १७-१८ ब्रिक्सला तोडतात, शिराझ २३-२४ ला. त्यामुळे वाईन साडेतेरा-चौदा टक्क्यांवर जाते. जेवणाच्या दृष्टीनं हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

शिराझच्या वासातली सर्वांत नावाजलेली खूण म्हणजे काळी मिरी. ती उपमा असावी असं पुष्कळांना वाटतं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी रोटंडोन नावाचं द्रव्य शोधून दाखवलं की शिराझमध्ये मिरीचा वास खरोखरीच असतो, आणि काळ्या मिरीचा वासही त्याच द्रव्याचा. अगदी सूक्ष्म प्रमाणातही ते नाकाला कळतं. पण त्यांच्या चाचणीत पाचांतल्या सुमारे एका माणसाला ते बरंच जास्त असूनही जाणवलंच नाही. तेव्हा शेजारच्याला मिरी येते आणि आपल्याला येत नाही, यात कमीपणा नाही. थंड जागी पिकलेल्या द्राक्षात रोटंडोन अधिक असतं. नाशिकच्या शिराझमध्ये म्हणून मिरी मागच्या रांगेत असते आणि पुढे असतं पिकलेलं जांभूळ, करवंद, काळ्या मनुका, थोडी लवंग, कधी धूर. उंचावरच्या, उशिरा तापणाऱ्या बागांतून मिरी थोडी पुढे सरकते. काही वाईनमध्ये ओकच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास इतका असतो की खाली द्राक्ष सापडत नाही. मला त्या आवडत नाहीत. पिंप महाग असतं म्हणून त्याची चव ठळक दिसावी हा हट्ट शिराझवर अन्याय करतो. फार न पिकवता वेळेवर तोडलेली, पिंपात थोडी किंवा मुळीच न ठेवलेली साधी शिराझ मला नाशिकची जास्त प्रामाणिक ओळख वाटते, आणि ती स्वस्तही असते.

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं ठोकून सांगितलं जातं. तो नियम युरोपातल्या दगडी, गार घरांचा. शिराझला १६ ते १८ अंश मानवतात. मे महिन्यात आपल्या खोलीत ३२ असतात. तेवढ्या उष्णतेला अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी सगळं हरवतं. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी. आणि ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर कधीही साठवू नये.

वाईन हे मद्य आहे, ही गोष्ट मी कुठेही सौम्य करून सांगितलेली नाही. ती हृदयाला चांगली असते वगैरे दावे या पुस्तकात सापडणार नाहीत. मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. महाराष्ट्रात वाईन प्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि कायद्यानं परवानाही लागतो. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तेव्हा राज्यभर वाद झाला. शेतकऱ्याला बाजार हवा हे म्हणणं खरं होतं, आणि दारूनं घरं बसलेली पाहिलेल्या बायांचा विरोधही खरा होता. ज्या घरांत माळ आहे, ज्या घरांत मद्य नको आहे, त्यांचा मला आदर आहे. अशा कित्येक घरांच्या शेतांत शिराझ उत्तम पिकते. त्या शेतकऱ्यांनी ती चाखावी असा माझा आग्रह नाही. त्यांचं काम मात्र वाचकाला कळायलाच हवं.

राहिलं जेवण. इथे बाहेरची पुस्तकं आपल्याला फार उपयोगी पडत नाहीत. त्यांत शिराझबरोबर भाजलेलं कोकरू आणि जंगली डुकराचं मांस असतं. आपल्या ताटाचे प्रश्न वेगळे. पहिला प्रश्न तिखटाचा. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं, आणि अल्कोहोल त्याच ग्राहींना आणखी हळवं करतं. त्यामुळे चौदा टक्क्यांची शिराझ तांबड्या रश्श्याबरोबर, सावजी मटणाबरोबर किंवा नाशिकच्याच तर्रीदार मिसळीबरोबर घेतली तर तिखट दुप्पट जाळतं आणि वाईन नुसती कडू लागते. या पदार्थांशी तिची गाठ घालू नये. दुसरा प्रश्न गोडाचा. चिंच-गुळाची आमटी, भोपळ्याचं भरीत, श्रीखंड, पुरणपोळी, यांच्या गोडव्यापुढे वाईन आंबट आणि रोड होते.

पण मसाला म्हणजे मिरची नव्हे, आणि मराठी स्वयंपाकात मिरचीवाचून मसाल्याचं मोठं राज्य आहे. मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, भाजलेलं सुकं खोबरं आणि काळपट होईतो परतलेला कांदा घातलेलं मटणाचं सुकं, मिरची आवरून केलेलं, हा शिराझचा सर्वांत जवळचा सोबती. पेल्यातलं रोटंडोन आणि वाटणातल्या मिरीतलं रोटंडोन एकच. दगडफुलाचा धुरकट, मातकट वास वाईनमधल्या धुराला जाऊन मिळतो. शिवाय टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड कोरडं पडतं; मटणातली प्रथिनं आणि चरबी आधीच हजर असली की ते तिकडे गुंततं आणि वाईन मऊ लागते. कोल्हापूरचा पांढरा रस्सा तांबड्याच्या शेजारी ठेवतात म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. मिरी, तीळ, खसखस, नारळाचं दूध आणि मटणाचा अर्क असलेला हा रस्सा शिराझबरोबर फार छान जातो. खिमा जातो, पारशांची सल्ली बोटी जाते.

शाकाहारी ताटात माझी पहिली पसंती खानदेशी भरताला. बामणोदकडची मोठी हिरवट वांगी कापसाच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजली की त्यांना जो धूर लागतो तो गॅसवर येत नाही. हिरवी मिरची निम्मी करावी, तेल आणि शेंगदाणे हात न आखडता घालावेत, सोबत कळण्याची भाकरी. कोकणातलं काळ्या वाटाण्याचं सांबारंही असंच. काळ्या वाटाण्याला स्वतःचा एक गंभीर, जवळजवळ मांसल स्वाद असतो. भाजणीचं खरपूस थालीपीठ आणि लोण्याचा गोळा हेही करून पाहावं.

मासळीबरोबर लाल वाईन का बिनसते हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं : वाईनमधल्या लोहामुळे मासळीच्या तेलातून उग्र, धातूसारखा वास सुटतो. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांबरोबर तो सर्वांत जास्त. गोव्याच्या सोरपोतेलची अडचण वेगळी. त्यातलं डुकराचं मांस आणि मसाला शिराझला चालेल, पण व्हिनेगरच्या आंबटाईपुढे टिकायला वाईनमध्येही तेवढी आंबटाई लागते, आणि फेब्रुवारीच्या उन्हात नाशिकच्या मण्यातून गेलेली आंबटाई नेमकी तिथे उणी पडते. ऱ्होनच्या सिरानं कदाचित ते निभावलं असतं.

बाटली विकत घेताना तिच्यावरचं साल वाचायची आपली पद्धत मात्र बदलायला हवी. फ्रान्समध्ये ज्या साली वेल फुटते त्याच साली पीक निघतं, म्हणून साल पाहिलं की त्या वर्षीचा उन्हाळा आठवायचा. नाशिकच्या बाटलीवर २०२० असेल तर तोडणी २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमधली, टाळेबंदीच्या तोंडावरची. पण घडांची संख्या ठरली ती २०१९ च्या मे-जूनमध्ये, आणि वेल फुटली, फुलली ती २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेव्हा परतीचा पाऊस हटता हटत नव्हता आणि जिल्हाभर द्राक्षबागांचं नुकसान झालं होतं. म्हणजे बाटलीवरच्या आकड्यातून एक वजा करावा आणि त्या वर्षीची दिवाळी कोरडी गेली की ओली, ते आठवावं.